हवेतले वाटेकरी

डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडे एका वाडीत आम्हाला रेडिओचा पोल उभा करायचा होता. टेकडीवर खाटेएवढी जागा पुरली असती. पण टेकडी सामाईक निघाली. सातबाऱ्यावर मेलेल्यांचीच नावं जास्त होती, आणि जे जिवंत होते ते एकमेकांशी बोलत नव्हते. अख्खा उन्हाळा त्यात गेला.

मी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत इंटरनेट देते. आधी नवऱ्याचा केबल टीव्हीचा धंदा होता. लोकांनी केबल सोडून मोबाइल हातात घेतला तेव्हा नवरा रुसून घरी बसला आणि मी ऑफिसात बसायला लागले. बेल्हे, पिंपळवंडी या बाजूला सपाटी आहे, घरं जवळजवळ आहेत, तिथे वायर टाकून भागतं. पश्चिमेला डोंगर सुरू झाला की वायर परवडत नाही. एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर हवेतून सिग्नल न्यावा लागतो. मोबाइल कंपन्या ज्या लहरी लिलावात घेतात, त्या आमच्यासारख्यांच्या आवाक्यातल्या नाहीत. पण सरकारने लहरींचा एक पट्टा सगळ्यांसाठी मोकळा ठेवला आहे. त्याला मालक नाही. मंजूर झालेला रेडिओचा डबा घ्यायचा, पोलवर लावायचा आणि शेजारच्याला सांभाळून वापरायचं. डोंगरातल्या माणसाला परवडेल असं नेट मिळतं ते या पट्ट्यामुळेच. एकदा पुण्यात मी यावरचं भाषण ऐकलं. बोलणारा माणूस 'वाटून वापरणं' हा शब्द फार प्रेमाने उच्चारत होता. त्याला बहुतेक भावकी नसावी.

या वाडीत चुली तीनच होत्या, तीन भावांच्या. थोरला बोलायला गोड. पाहुणा आला की स्वतः उठून पाण्याचा तांब्या आणणारा. मधला त्याच्या मागे मान हलवणारा. धाकटा दोन पावसाळ्यांपूर्वी पिकअपसकट घाटात गेला होता, त्याची बायको मागे राहिली होती. तिला सगळे 'धाकटी' म्हणायचे, मीही तेच म्हणायला लागले. मूलबाळ नव्हतं. त्यामुळे तिने माहेरी निघून जावं हे सगळ्यांना सोयीचं वाटत होतं. तिला सोडून. नवऱ्याच्या वाट्याचं भाताचं खाचर आणि रस्त्याला लागून असलेलं कौलारू घर तिच्याकडे होतं, आणि ती तिथेच राहणार म्हणत होती.

मला ती टेकडी हवी होती कारण तिच्यावरून पुढच्या गावांना सिग्नल देता येत होता. भावांनी जागेचं भाडं मागितलं नाही. त्याऐवजी वाडीला एक फुकट कनेक्शन द्यायचं ठरलं. बैठक मारुतीच्या देवळात झाली. धाकटी बाहेर पायरीवर बसली होती.

थोरल्याने विचारलं, "ताई, ही तुमची हवा हाय कुणाची?"

"कुणाचीच नाही. सगळ्यांची."

"म्हंजी सामाईक."

"तसंच समजा."

"मंग पाळी लावून द्या."

मला आधी कळेना. मग कळलं. या वाडीत सामाईक म्हटलं की पाळी. विहिरीवरच्या मोटरची पाळी, मळणी यंत्राची पाळी, आणि आईचीसुद्धा. म्हातारी एकेका लेकाकडे महिनाभर जेवायची. अमावास्येला गाठोडं उचलून पुढच्या घरी जायची. सोडणारा त्या दिवशी तिला जेवायला घालत नसे, कारण महिना भरला. घेणारा संध्याकाळपर्यंत घालत नसे, कारण महिना लागला नव्हता. म्हातारी दिवसभर दोन घरांमधल्या ओट्यावर बसून राहायची. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, तिला अमावास्येचा उपास आहे.

मी म्हटलं, "विहिरीचं पाणी उपसलं की कमी होतं. याचं तसं नाही. तिघांनी एकदम वापरलं तरी पुरेल एवढं मी वरून सोडते."

"पुरंल वो," थोरला हसत म्हणाला. "पर कुणी किती वढलं ते कसं कळायचं? पाण्याचं निदान वाफं बघून कळतं."

"कशाला कळायला हवं?"

"ताई, तुमी शिकल्याल्या. आमी भाऊ हावोत."

मधल्याने मान हलवली. वार वाटले गेले. तीन थोरल्याला, तीन मधल्याला, रविवार धाकटीला. विहिरीवरही तिची पाळी अशीच उरलीसुरली होती. "बाई मानूस एकली," थोरला म्हणाला, "तिला काय बघायचंय? रविवारी बघंल शिनेमा." मी राउटरमध्ये वार घालून दिले, पोल उभा केला, तिन्ही घरांवर एकेक डबा लावला, आणि पुढच्या गावांत शाळेचं नेट आणि रेशनचं मशीन चालू झालं. त्या वाडीत मात्र सोमवार ते शनिवार तिच्या घरावरचा डबा दिवा लावून नुसता बसायचा.

त्याच रविवारांत तिने नोकरी मिळवली. घोडेगावला जाऊन-येऊन ती पदवीपर्यंत शिकली होती. बियाण्याच्या एका कंपनीला फोनवर शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकून उत्तरं देणाऱ्या बायका हव्या होत्या, घरी बसून. मुलाखत तिने रविवारची मागून घेतली. निवड झाल्यावर कानाला लावायचा हेडफोन घरी आला आणि नियमही आले. आठवड्याचे सहा दिवस बसायचं, आवाज तुटता कामा नये.

ती आमच्या घोडेगावच्या ऑफिसात आली. बसली नाही.

"ताई, सहा दिस चालू करून द्याल का? मी विकत घेते."

"विकत घेतलंस तरी सिग्नल त्याच पोलवरून येणार. पोल त्यांच्या टेकडीवर. मी तुला चोरून दिलं आणि त्यांना कळलं तर पोल दरीत जाईल. पुढच्या गावांचंही बंद."

"ही नोकरी गेली तर मला तिथं ऱ्हायाला कारन न्हाई ऱ्हायचं," ती म्हणाली. "आज तेच म्हनत्यात. बसून खाती. पगार आला की बसून खाती म्हनायला जागा न्हाई."

"ते खरं आहे. पण पोल त्यांचा आहे."

तिने थोडा विचार केला. "मंग त्यांच्याकडनंच घेते."

"काय देऊन?"

"आत्याबाई," ती म्हणाली.

म्हणजे सासू. मला वाटलं चेष्टा करतेय. ती चेष्टा करणाऱ्यातली नव्हती.

पुढच्या आठवड्यात पोलखालची बॅटरी बदलायला मी टेक्निशियनला घेऊन गेले होते तेव्हा तो सौदा माझ्यासमोरच झाला. टेक्निशियन माझ्याकडे केबलच्या जमान्यापासून आहे, चाळिशी उलटलेला, तीन लेकरांचा बाप. असल्या गोष्टी त्याला सिनेमापेक्षा आवडतात. तो पक्कड हातात धरून उभाच राहिला.

धाकटी अंगणात येऊन म्हणाली, "आत्याबाई कायमच्या माझ्याकडं. हगणं-मुतणं, दवाखाना, समदं माझं. तुमचं वार मला द्या."

थोरला दुखावल्यासारखा उभा राहिला. "आईचा सौदा करती व्हय गं?"

त्याच्या बायकोने, थोरलीने, तोवर घरात जाऊन म्हातारीचं गाठोडं, काठी आणि तांब्या बाहेर आणून ठेवला होता. त्या वेळी महिना थोरल्याचा चालू होता. "तुमी गप ऱ्हावा," ती नवऱ्याला म्हणाली. "आन ती तपकिरीची डबी बी हाय, राहील मागं."

"मला कुनी इच्यारलं का?" म्हातारी ओट्यावरून ओरडली.

"तुमास्नी नेट लागतंय का?" थोरली म्हणाली.

थोरल्याने मग हिशोबी चेहरा करून अट घातली. "आई हाय तवर. नंतर वार जितल्या तितं. ताईंच्या म्होरं बोलून ठेवतो."

"आई हाय तवर," धाकटी म्हणाली.

टेक्निशियन परतीच्या वाटेत म्हणाला, "ताई, आपल्या प्लॅनमधी ह्यो प्लॅन नाय."

म्हातारीला ती अट सगळ्यांच्या आधी समजली. तिची गात्रं आता गेली होती, डोकं शाबूत होतं. महिन्याभरात तिने धाकटीच्या घरात राज्य सुरू केलं. आयुष्यभर तिला ज्या गोष्टी कुणी दिल्या नव्हत्या त्या ती आता मागून घ्यायची. सुकट, अंडी, दुपारी दुसरा चहा. तेही बरोब्बर धाकटी फोनवर असताना.

"मी हाय तवर तुजी रेंज हाय," ती म्हणायची. "अंडं उकड."

मी एकदा राउटर बघायला आत बसले होते. धाकटी भिंतीकडे तोंड करून हेडफोन लावून बोलत होती. आवाज इतका मऊ की मला ओळखू येईना. "हां दादा, उगवण कमी झाली का? किती खोल पेरलं होतं? जमिनीत ओल होती का त्या वेळी?" मागून म्हातारीची हाक आली. मग दुसरी. मग काठी भांड्यावर आपटली. धाकटीने बटण दाबून आवाज बंद केला, मान वळवली आणि म्हणाली, "मरा की एकदाच्या!"

"मरते," म्हातारी म्हणाली. "मंग बस बोंबलत."

धाकटीने बटण पुन्हा दाबलं. "बोला दादा, ऐकतेय मी."

शेजारच्या गावातल्या लोकांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की विधवा सून सासूचं सगळं अंथरुणात करते. ग्रामपंचायतीने तिचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. सत्काराला थोरला बोलला, सुना अशा असाव्यात वगैरे, आणि बोलताना त्याचे डोळे भरून आले. ते खोटे नव्हते. त्याला रडायला यायचं, पण त्यामुळे तो कधी कुणाला काही देऊन बसला नाही.

पावसाळ्यात म्हातारीला ताप भरला. डोंगरात वीज चार-चार दिवस येत नव्हती. धाकटी एका हाताने बॅटरी जपत होती, दुसऱ्या हाताने म्हातारी. घोडेगावहून डॉक्टर आणला, घरात खिळ्याला सलाइन टांगलं. थोरला रोज एकदा दारात येऊन बघून जायचा. मला टेकडीवर भेटला तेव्हा म्हणाला, "ताई, तुमाला काय वाटतंय? काढंल का ही दिवाळी?" विहिरीत किती पाणी उरलंय हे विचारावं तसं विचारलं त्याने.

दिवाळी काढली नाही. एके दिवशी सकाळी धाकटी एका शेतकऱ्याला मक्यावरच्या अळीबद्दल सांगत होती, तेवढ्यात मागचं काठी आपटणं थांबलं. तिने तो फोन पुरा केला. मगच उठून बघितलं. हे तिनेच मला सांगितलं, आणि पुढे म्हणाली, "अर्ध्यात तोडला असता तर त्यानं तक्रार केली असती." यात मला काही गैर वाटलं नाही. म्हातारीलाही वाटलं नसतं.

दहाव्याला मी गेले. धंद्यात गिऱ्हाइकांच्या दहाव्याला जावंच लागतं. शिवाय वार कधीपासून बदलायचे हे मला विचारायचं होतं. धरणाच्या पाण्याकाठी पिंड मांडले होते. गुरुजी बाजूला झाले, लोक मागे सरले, आणि सगळे उंबराच्या झाडावरच्या कावळ्यांकडे बघायला लागले. कावळे पुष्कळ होते. खाली एकही येईना.

"काही इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले. "बोला कुणीतरी."

थोरला पुढे झाला, हात जोडले. "आई, तुज्या नावानं देवळाला पायरी बसवीन." कावळे हलले नाहीत. मधला म्हणाला, "आई, तुजी म्हस इकनार न्हाई." तरी नाही. एक लेक होती, ती म्हणाली, "बये, माजी काळजी करू नगं." मग सगळे एकेक करून बोलून गेले. ऊन चढलं. पाहुण्यांना भुका लागल्या. मागे एका पोराच्या हातातला लाडू पडला, तेव्हा एक कावळा झटकन खाली आला, लाडू घेऊन पुन्हा झाडावर जाऊन बसला. काही बाया हसल्या आणि तोंडाला पदर लावून गप्प झाल्या.

थोरल्याच्या चुलत्यांपैकी एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बसला होता. तो म्हणाला, "आरं, जिनं शेवटचं केलं तिचं कायतरी बोला की. म्हन, धाकटीचं वार धाकटीकडंच ऱ्हातील. बघ येतो का न्हाई."

सगळी माणसं थोरल्याकडे बघायला लागली. भावकीतल्या प्रत्येकाला ते वार माहीत होते. धाकटी डोक्यावरून पदर घेऊन उभी होती. तिने थोरल्याकडे पाहिलं नाही, ती कावळ्यांकडे पाहत होती. मलाही वाटलं, आता हा होकार देईल. आईच्या पिंडासमोर, एवढ्या माणसांत, कोण नाही म्हणेल?

थोरल्याने पुन्हा हात जोडले. डोळे मिटले. ओठ हलले. मग म्हणाला, "आई, तुजी राख आळंदीला नेऊन सोडीन."

एकही कावळा हलला नाही. मग थोरला गुरुजींना हळूच म्हणाला, "दर्भाचा करा. पावणं खोळंबल्यात."

गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला. लोक जेवायला बसले. आमटी चांगली झाली होती.

जेवण झाल्यावर थोरला स्वतः माझ्या हातावर पाणी घालायला आला. "ताई, उद्यापास्नं वार पहिल्यावानी."

"तेराव्यापर्यंत तरी थांबा. तिची नोकरी आहे."

"तेराव्याला पावणं येत्यात, त्यांची पोरं नेट मागत्यात."

"तुम्ही वापरता तरी किती? तुमच्या वाराला निम्मा वेळ घरातला मोबाइल बंद असतो. तिला दिलंत म्हणून तुमचं काय कमी होतं?"

तो माझ्याकडे जरा दयेने बघत म्हणाला, "ताई, आज वार दिलं तर उद्या ती सातबाऱ्यावर वाटा मागंल."

"वाटा तिचाच आहे."

"म्हनूनच," तो म्हणाला, आणि दुसऱ्याच्या हातावर पाणी घालायला गेला.

मी वार बदलले. पण मला तो माणूस आवडला नाही, आणि धंद्यात कधीकधी न आवडण्याचाही उपयोग होतो. पाण्यापलीकडच्या काठावर मी नुकताच आणखी एक पोल उभा केला होता, तो त्या लोकांच्या टेकडीवर नव्हता. तिथून धाकटीच्या घराचं कौल सरळ दिसत होतं. मधे नुसतं पाणी, एकही झाड नाही. मी तिला म्हटलं, एक जादा डिश घे, थेट पलीकडून देते. भावकीचा संबंध नाही, टेकडीचा नाही, वाराचा नाही. तिने कंपनीला ताप आल्याचं सांगून दोन-तीन दिवस मागून घेतले होते. डिश घेतली. आम्ही जाऊन बसवली. दुपारी ती पुन्हा "बोला दादा" म्हणत होती.

डिश बसवताना थोरला खाली उभा राहून बघत होता.

"ही कुटल्या टेकडीवरनं?"

"पलीकडच्या काठावरून."

"परवानगी काढली आसंल."

"लागत नाही. मोकळा पट्टा आहे. सांगितलं होतं ना, हवा सगळ्यांची."

"कुनालाच लागत न्हाई?"

"कुणालाच नाही."

त्याने मान हलवली. "बरं झालं सांगितलं," म्हणाला.

पंधरवडाभर सगळं सुरळीत चाललं. मग धाकटीचा फोन आला की आवाज तुटतोय. टेक्निशियन कौलांवर चढला, त्याने मोबाइलवर आजूबाजूच्या रेडिओंची यादी काढली आणि वरूनच ओरडला, "ताई, हितं मंचरच्या बाजारात नसल एवढी गर्दी झाली!"

थोरल्याच्या घरावर एक नवा रेडिओ आला होता. दुसरा त्याच्या गोठ्यावर. गोठा धाकटीच्या घराच्या खालच्या अंगाला, पाण्याच्या बाजूला. म्हणजे पलीकडून येणारा तिचा सिग्नल बरोबर गोठ्यावरून येत होता. हे दोन डबे तिच्या घराच्या डोक्यावरून एकमेकांशी दिवसभर बोलत बसले होते, जेवढा रुंद पट्टा मिळेल तेवढा अडवून. घोडेगावचा कुणी डिशवाला येऊन बसवून गेला होता.

मी थोरल्याकडे गेले. त्याने पाण्याचा तांब्या आणला.

"गोठ्यावर रेडिओ कशाला?"

"कॅमेरा बसवलाय. बिबट्या येतो. गोठ्यातलं घरात दिसाया पायजे का न्हाई?"

बिबट्या येतो हे खरं होतं. आमच्या भागात ते कारण दिलं की पुढे बोलता येत नाही. भिंतीवरच्या टीव्हीत म्हशीची पाठ दिसत होती. बघत कुणीच नव्हतं.

"दोघांचे डबे एकाच पट्ट्यावर आहेत. तुमच्या माणसाला सांगून जरा बाजूला सरका. दोघांचं चालेल."

"आता आमाला त्यातलं काय कळतंय, ताई."

आम्ही तिचा चॅनेल बदलला, म्हणजे पट्ट्यातली तिची जागा सरकवली. चार दिवसांनी त्याचाही बदलला गेला. आम्ही पुन्हा बदलला, त्याचा पुन्हा मागे आला. डिशला बाजूने पत्रा ठोकून बघितला, थोडा फरक पडला, मग गोठ्यावर आणखी मोठा डबा आला. तो सगळा कल्ला थोरल्याच्या स्वतःच्या नेटलाही बाधत होता. त्याच्या वाराला त्याच्या घरात काही धड चालेना. थोरली माझ्यासमोर त्याच्यावर चिडली, "माजी मालिका गोल गोल फिरती नुसती!"

"फिरू दे," तो म्हणाला.

आमची लायसनची कागदपत्रं करणारा एक सल्लागार पुण्यात आहे, त्याला मी फोन केला. तो म्हणाला, मोकळ्या पट्ट्याच्या नियमात दोन गोष्टी आहेत. दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही, आणि दुसऱ्याचा त्रास झाला तर संरक्षण मागायचं नाही. मुद्दाम त्रास दिला हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल, आणि तो तर म्हणतोय गोठ्यात कॅमेरा आहे. तक्रार करा, पण कधी कुणी बघायला येईल ते सांगता येत नाही. मी तक्रार केली. अजून कुणी आलेलं नाही.

शेतकरी फोनवर धाकटीला शिव्या द्यायला लागले. तिचं वाक्य अर्धं पोचायचं. किती मिलि औषध घालायचं तो आकडाच गळायचा, आणि समोरचा ओरडायचा, "बाई बोलती का मेली?" ती तेच वाक्य पाच वेळा म्हणायची, तेवढ्याच मऊ आवाजात. दिवसाच्या शेवटी तिच्या कानामागे हेडफोनचा लाल वळ असायचा. कंपनीने तिला काढलं असं कुणी कळवलं नाही. एका सकाळी तिचं लॉगिन उघडलं नाही, एवढंच.

ती ऑफिसात आली तेव्हा या वेळी बसली. मी तिला म्हटलं, घोडेगावात खोली घे, इथे वायरने देते, दुसरी कंपनी शोध. ती म्हणाली, "नोकरी जाग्यावर ऱ्हायासाठी व्हती, ताई. जागा सोडून नोकरी काय करायची?" तरी तिला जागा सोडावीच लागली. घरात बसून खाती हे पुन्हा सुरू झालं होतं, आणि या वेळी वाडीबरोबर बाहेरची गावंही म्हणायला लागली. सासू होती तोवर कामाची होती, आता कशाला बसलीय. शाल देणारी माणसंच ती.

नारायणगावला टोमॅटोच्या हंगामात माल निवडायला बायका लागतात, तिकडे ती गेली. एकदा बाजारात मला दिसली. कॅरेटच्या ढिगामागे बसून बोटांनी फळ दाबून बघत होती, नरम इकडे, टणक तिकडे. मी हाक मारली नाही. दोघींनाही काम होतं.

पोल अजून त्याच टेकडीवर आहे. पुढच्या गावांचा सिग्नल त्यावरून जातो, तो मी काढणार नाही. थोरल्याच्या गोठ्यावरचे डबे मात्र ती गेल्यावर आठवड्याभरात उतरले. कॅमेरा बिघडला, म्हणाला.

तिची डिश उतरवायला मी आणि टेक्निशियन गेलो. दाराला कुलूप होतं, पण डिश बाहेरून कौलांवर होती, त्यामुळे आत जायची गरज नव्हती. थोरला शिडी घेऊन आधीच आला होता. शिडी त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरली, टेक्निशियनला म्हणाला, "जपून रं भाऊ, शेवाळ हाय." टेक्निशियन वर चढला आणि पट्टीचे नट सोडवायला लागला. एक नट गंजून बसला होता, त्याने पान्याने जोर दिला तेव्हा कौलं करकरली.

थोरला खालून मान वर करून ओरडला, "आरं, हळू! कौल फोडू नगं. औंदा हितं कांदा ठेवायचाय."